वारंवार येणाऱ्या प्रवाहाच्या उसळ्या आणि फ्यूज: मान कसे निवडावे, आयुष्य कसे मोजावे

एखादे उपकरण वर्ष-दोन वर्षे बिनतक्रार चालते आणि एके दिवशी चालू करताक्षणी त्याचा फ्यूज जातो. नवा फ्यूज बसवला की उपकरण पूर्ववत चालते. आत कुठे शॉर्ट सापडत नाही, भार वाढलेला नसतो, काही जळालेलेही नसते. काही महिन्यांनी पुन्हा तेच घडते. अशा वेळी अनेक जण अधिक अँपिअरचा फ्यूज बसवून मोकळे होतात आणि नेमके त्याच क्षणी त्या उपकरणाचे संरक्षण दुबळे करून ठेवतात. फ्यूजवर छापलेला अँपिअरचा आकडा, म्हणजे त्याचे मान (रेटिंग), सततच्या प्रवाहाबद्दल बोलतो. क्षणभराची उसळी सोसण्याची फ्यूजची ताकद ही त्याहून वेगळी राशी आहे आणि ती उसळी आयुष्यभरात किती वेळा येणार यावरही अवलंबून असते. ही दुसरी राशी कशी मोजावी आणि तिच्यावरून फ्यूज कसा निवडावा, हे पुढे पायरीपायरीने मांडले आहे.

फ्यूज थकतो म्हणजे नेमके काय होते

उपकरण चालू करताना रिकामा कपॅसिटर भरण्यासाठी, थंड फिलामेंट तापण्यासाठी किंवा मोटारला गती येण्यासाठी नेहमीच्या कित्येक पट प्रवाह वाहतो. ही उसळी काही मिलिसेकंदांची असेल, तर फ्यूजच्या तारेत निर्माण झालेल्या उष्णतेला टोकांकडे किंवा भोवतालच्या हवेत जायला सवडच मिळत नाही. सगळी उष्णता तारेतच साठते आणि तार क्षणात तापते. उसळी ओसरली की ती निवते. प्रत्येक वेळी तार प्रसरण पावते आणि आकुंचन पावते. पण तिची दोन्ही टोके टोप्यांना घट्ट जोडलेली असल्यामुळे तिला मोकळेपणी लांब होता येत नाही, म्हणून ती किंचित वाकते. लोखंडी तार मागेपुढे वाकवत राहिल्यावर जशी तुटते, त्याच जातीची ही थकवण आहे. धातूच्या कणांमधल्या सीमांवर सूक्ष्म भेगा पडतात, तारेचा छेद एखाद्या जागी कमी होतो, तिथला रोध वाढतो, त्यामुळे पुढच्या उसळीत तीच जागा अधिक तापते. शेवटची उसळी आधीच्या हजारो उसळ्यांसारखीच असते. फक्त तिला सामोरी जाणारी तार आता पहिली राहिलेली नसते.

काही मंदगती, म्हणजे थोड्या उशिराने उडणाऱ्या, फ्यूजमध्ये दुसरी एक प्रक्रियाही चालते. तांब्याच्या किंवा चांदीच्या तारेवर कथिलाचा छोटा थेंब बसवलेला असतो. तांबे १०८५ अंश सेल्सियसला आणि चांदी सुमारे ९६२ अंशांना वितळते, तर कथिल २३२ अंशांनाच. मध्यम अतिभार बराच वेळ टिकला की कथिल वितळून तारेच्या धातूत मिसळते, मिश्रधातू तयार होतो आणि तार बऱ्याच कमी तापमानाला तुटते. ही युक्ती मेटकाफ परिणाम या नावाने ओळखली जाते. अतिभारापासून संरक्षणासाठी ती उत्तम आहे. पण फ्यूज सतत आपल्या मर्यादेजवळ तापत राहिला, तर हेच मिश्रण हळूहळू आणि नको तेव्हा होऊ लागते. म्हणून सततचा प्रवाह आणि उसळी या दोन्हींचा हिशेब वेगवेगळा करावा लागतो.

पायरी पहिली: सततच्या प्रवाहावरून किमान मान

उपकरणाचा नेहमीचा आरएमएस प्रवाह (तेवढीच उष्णता देणाऱ्या स्थिर प्रवाहाइतका आकडा) मोजावा, तोही सर्वात कमी पुरवठा व्होल्टेजवर. स्विच मोड पॉवर सप्लाय (इलेक्ट्रॉनिक उपकरणांतला जलद स्विचिंगवर चालणारा वीजपुरवठा) व्होल्टेज घटल्यावर जास्त प्रवाह ओढतो. म्हणून इथे सरासरी परिस्थिती धरून चालत नाही.

यानंतर फ्यूज कोणत्या मानकाचा आहे हे पाहणे अत्यावश्यक आहे, कारण सारखाच आकडा छापलेले दोन फ्यूज वेगळे वागतात. यूएल २४८-१४ या अमेरिकी मानकाप्रमाणे बनलेला फ्यूज छापील मानाच्या १३५ टक्के प्रवाहाला तासाभराच्या आत उडायला हवा. याउलट आयईसी ६०१२७ या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे बनलेल्या अनेक प्रकारांनी १५० टक्के प्रवाह किमान एक तास सोसायला हवा. म्हणून यूएल जातीचा फ्यूज छापील मानाच्या सुमारे ७५ टक्क्यांपर्यंतच सतत वापरावा असा रूढ नियम आहे, तर आयईसी जातीचा फ्यूज पूर्ण मानाच्या जवळ वापरता येतो. दुरुस्तीत एका जातीच्या जागी दुसऱ्या जातीचा, त्याच आकड्याचा फ्यूज बसवला जातो आणि मग ‘फ्यूज विनाकारण जातो’ अशी तक्रार येते. तिथे कारण असते, फक्त ते फ्यूजच्या टोपीवरच्या बारीक अक्षरांत दडलेले असते.

फ्यूजभोवतीचे तापमानही विचारात घ्यावे. बंद पेटीत, ट्रान्सफॉर्मरशेजारी बसलेल्या फ्यूजसाठी खोलीचे तापमान धरणे चूक आहे. माहितीपत्रकात तापमानाप्रमाणे क्षमता किती घटते याचा आलेख असतो. समजा सततचा प्रवाह ०.८ अँपिअर आहे आणि आपल्या पेटीतल्या तापमानाला आलेखावरून ०.९ हा गुणक निघाला. यूएल जातीसाठी ०.८ ला ०.७५ ने आणि मग ०.९ ने भागल्यावर सुमारे १.१९ येते, म्हणून १.२५ अँपिअरचा फ्यूज किमान ठरतो. आयईसी जातीसाठी ०.८ भागिले ०.९ म्हणजे सुमारे ०.८९, म्हणून १ अँपिअरचा. हा केवळ खालचा उंबरठा झाला.

पायरी दुसरी: उसळी पकडणे

साधा क्लॅम्प मीटर उसळीचे शिखर विश्वासार्हपणे दाखवत नाही. त्यासाठी ऑसिलोस्कोप आणि करंट प्रोब लागतो, आणि प्रोबची कमाल मर्यादा अपेक्षित शिखराहून बरीच जास्त असावी. प्रोबचा गाभा संपृक्त झाला तर पडद्यावर दिसणारे शिखर खऱ्यापेक्षा लहान दिसते आणि पुढचा सगळा हिशेब फसतो. शंट रोधकाने, म्हणजे प्रवाहाच्या वाटेत घातलेल्या छोट्या रोधकावरच्या व्होल्टेजवरून, मोजायचे असेल, तर मेन्सला जोडलेल्या परिपथात डिफरन्शियल प्रोबच (दोन बिंदूंमधला व्होल्टेजचा फरक मोजणारा) वापरावा. साध्या प्रोबची जमिनीची क्लिप मेन्सवर लावणे आणि स्कोपची अर्थिंग तोडून मोजणे, हे दोन्ही प्रकार जीवघेणे आहेत.

सर्वात वाईट उसळी मिळवण्यासाठी तीन गोष्टी जुळवून आणाव्या लागतात: पुरवठा व्होल्टेज सर्वाधिक असावे, स्विच व्होल्टेजच्या शिखरावर लागावा आणि कपॅसिटर पूर्ण रिकामा असावा. स्विच नेमका कधी लागेल हे हाताच्या ताब्यात नसते, म्हणून चालू-बंद वीस-तीस वेळा करून सर्वात मोठी नोंद घ्यावी. दोन वेळांमध्ये पुरेशी विश्रांती द्यावी. आणि त्यानंतर मुद्दाम विश्रांती न देता, उपकरण गरम असताना बंद करून काही सेकंदांत चालू करावे व तीही नोंद वेगळी ठेवावी. ही चाचणी का महत्त्वाची आहे ते लवकरच कळेल.

पायरी तिसरी: आय-स्क्वेअर-टी काढणे

तारेत किती उष्णता निर्माण होते हे प्रवाहाच्या वर्गावर आणि काळावर अवलंबून असते. म्हणून उसळीची तीव्रता अँपिअर-वर्ग-सेकंदात मोजतात आणि तिला सर्रास आय-स्क्वेअर-टी म्हणतात. ऑसिलोस्कोपमधून आकडे काढून स्प्रेडशीटमध्ये प्रत्येक बिंदूचा वर्ग करून बेरीज केली, तर अचूक उत्तर मिळते. आकार ओळखीचा असेल तर हातानेही जमते. सपाट चौकोनी उसळीसाठी शिखराचा वर्ग गुणिले काळ, अर्ध्या साइन लहरीसाठी त्याचा निम्मा भाग, त्रिकोणी उसळीसाठी एक तृतीयांश. आणि शिखरावरून घातांकी रीतीने उतरत जाणाऱ्या उसळीसाठी शिखराचा वर्ग गुणिले कालस्थिरांक (प्रवाह शिखराच्या सुमारे ३७ टक्क्यांवर उतरायला लागणारा काळ), त्याचा निम्मा.

एक उदाहरण शेवटपर्यंत चालवू. २३० व्होल्टच्या पुरवठ्याचे शिखर सुमारे ३२५ व्होल्ट असते. एसीचे डीसी करणाऱ्या डायोड ब्रिजनंतर १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आहे आणि वाटेतला एकूण रोध, म्हणजे तारा, ब्रिज, कपॅसिटरचा अंतर्गत रोध आणि थंड एनटीसी थर्मिस्टर (तापला की ज्याचा रोध घटतो असा रोधक) मिळून, १० ओहम आहे. शिखर प्रवाह ३२.५ अँपिअर, कालस्थिरांक १ मिलिसेकंद. ३२.५ चा वर्ग सुमारे १०५६, त्याला ०.००१ ने गुणून निम्मे केले की ०.५२८ अँपिअर-वर्ग-सेकंद मिळतात.

हेच उत्तर आणखी सोप्या वाटेने मिळते आणि ती वाट मला अधिक उपयोगी वाटते: कपॅसिटरमध्ये साठणारी ऊर्जा, म्हणजे धारितेचा निम्मा भाग गुणिले व्होल्टेजचा वर्ग, हिला एकूण रोधाने भागावे. यातून एक गोष्ट लख्ख दिसते. कपॅसिटर आणि व्होल्टेज तेच असतील, तर आय-स्क्वेअर-टी केवळ रोधावर ठरते आणि ती रोधाच्या व्यस्त प्रमाणात असते. आता गरम एनटीसीचा विचार करा. चालू उपकरणात एनटीसी तापून त्याचा रोध खाली आलेला असतो. उपकरण बंद केल्यावर भारामुळे कपॅसिटर लवकर रिकामा होऊ शकतो, पण एनटीसी निवायला मिनिटभर किंवा अधिक लागतो. या मधल्या वेळात उपकरण चालू केले आणि एकूण रोध १० ऐवजी २ ओहम राहिला असेल, तर आय-स्क्वेअर-टी पाचपट, म्हणजे २.६४ होते. वीज क्षणभर जाऊन येते तेव्हाच फ्यूज जातात, या अनुभवामागे बहुधा हेच गणित असते.

पायरी चौथी: उसळ्यांची संख्या

माहितीपत्रकात फ्यूजची नाममात्र मेल्टिंग आय-स्क्वेअर-टी दिलेली असते. तेवढी उष्णता एका झटक्यात मिळाली तर तार वितळते. उसळ्या वारंवार येणार असतील, तर त्यातला ठरावीक हिस्साच वापरायचा असतो. लहान फ्यूजसाठी निर्मात्यांच्या मार्गदर्शिकांत रूढ असलेले आकडे असे आहेत: १०० उसळ्यांसाठी ४८ टक्के, १,००० साठी ३८ टक्के, १०,००० साठी २९ टक्के आणि १,००,००० साठी २२ टक्के. दोन उसळ्यांमध्ये तार निवायला सुमारे १० सेकंद मिळतात, हे यात गृहीत आहे. सिरॅमिक पाट्यांवरचे चिप फ्यूज किंवा मोठे औद्योगिक फ्यूज यांची वागणूक निराळी असू शकते. तिथे त्या-त्या फ्यूजचेच आकडे घ्यावेत.

या टक्केवारीला तापमानाच्या भाषेत पाहिले की तिचा अर्थ नीट उमगतो. तार तापली की तिचा रोध वाढतो, त्यामुळे उसळीच्या अखेरीला तापमान अधिक वेगाने चढते. चांदीच्या तारेसाठी ढोबळ हिशेब केला, तर २२ टक्के आय-स्क्वेअर-टीने तार शंभर-सव्वाशे अंशांनीच तापते, मात्र ४८ टक्क्यांनी ती सुमारे तीनशे अंशांनी तापते. शंभर अंशांची ये-जा धातू लाख वेळा सोसतो, तीनशे अंशांची शंभर वेळाच. आणि ही वाढ तारेच्या आधीच्या तापमानावर चढते, म्हणून आधीच भाराखाली तापलेल्या तारेवर आलेली उसळी थंड तारेवरच्या उसळीपेक्षा घातक ठरते.

याच आकड्यांमधून मला सर्वात महत्त्वाची वाटणारी गोष्ट निघते. २९ वरून २२ टक्क्यांवर येणे म्हणजे उसळीची आय-स्क्वेअर-टी सुमारे एक चतुर्थांशाने घटवणे; त्या बदल्यात आयुष्य दहापट होते. प्रवाहाच्या शिखरात बोलायचे तर, उसळीचा काळ तोच ठेवून शिखर अवघे १३ टक्के कमी केले की फ्यूज दहापट उसळ्या सोसतो. उलटही तितकेच खरे आहे: शिखर थोडेसे वाढले तरी आयुष्य भराभर आटते. त्यामुळे जुन्या कपॅसिटरच्या जागी ‘जरा मोठा’ कपॅसिटर बसवणारी दुरुस्ती फ्यूजच्या दृष्टीने जरा मोठी नसते.

आपल्या उदाहरणात उपकरण रोज ५ वेळा चालू होते आणि ते १० वर्षे चालावे अशी अपेक्षा आहे, म्हणजे १८,२५० उसळ्या. १०,००० आणि १,००,००० या दोन टप्प्यांमधला हिस्सा काढला तर तो सुमारे २७ टक्के येतो. मी अशा ठिकाणी सरळ २२ टक्के धरतो, कारण नाममात्र मेल्टिंग आय-स्क्वेअर-टी हे मधले मूल्य असते आणि प्रत्यक्ष फ्यूजमध्ये थोडा फरक असतोच. ०.५२८ भागिले ०.२२ म्हणजे २.४ अँपिअर-वर्ग-सेकंद. गरम अवस्थेतल्या उसळ्यांचा हिशेब वेगळा करावा. २.४ क्षमतेच्या फ्यूजवर २.६४ ची उसळी आली तर तो पहिल्याच वेळी जाईल. आयुष्यभरात अशा शंभर उसळ्या धरल्या, तर २.६४ भागिले ०.४८ म्हणजे ५.५ ची क्षमता हवी. दोन्ही प्रकारच्या उसळ्या एकत्र येणार असतील, तर प्रत्येक प्रकाराची प्रत्यक्ष संख्या त्या प्रकाराच्या सोसता येण्याजोग्या संख्येने भागून आलेल्या अपूर्णांकांची बेरीज करावी. ती एकच्या आत राहिली पाहिजे. धातूंच्या थकवणीसाठी वापरला जाणारा माइनरचा नियम तो हाच. ५.५ च्या फ्यूजवर शंभर गरम उसळ्यांनीच ही बेरीज एकवर येते, म्हणून प्रत्यक्ष निवड त्याहून वर, सहा-सातच्या आसपास न्यावी.

उपकरण दर मिनिटाला चालू-बंद होत असेल, तर दिवसाला १,४४० आणि वर्षाला सव्वापाच लाख उसळ्या होतात. हा आकडा तक्त्याच्या बाहेरचा आहे. तिथे तक्ता ताणून पाहण्यापेक्षा उसळीच कमी करण्याची वाट धरावी. आणि उसळ्या सेकंदाच्या अंशांत येत असतील, तर त्या सुट्या मोजूच नयेत: दर १०० मिलिसेकंदांनी ५ मिलिसेकंदांसाठी १० अँपिअर वाहत असतील, तर त्यांचा आरएमएस प्रवाह सुमारे २.२४ अँपिअर होतो आणि तो पहिल्या पायरीतच धरावा लागतो.

पायरी पाचवी: खालची आणि वरची मर्यादा जुळवणे

आता दोन अटी हाताशी आहेत: आयईसी जातीचा १ अँपिअर किंवा यूएल जातीचा १.२५ अँपिअर, आणि मेल्टिंग आय-स्क्वेअर-टी सहाच्या वर. जलद फ्यूजमध्ये ही दुसरी अट पुरी होणे कठीण असते. इथे अँपिअर वाढवण्याआधी फ्यूजची जात बदलून पाहावी. आयईसी फ्यूजवर एफ हे अक्षर जलद प्रकारासाठी आणि टी हे मंदगती प्रकारासाठी असते. त्याच अँपिअरच्या मंदगती फ्यूजची मेल्टिंग आय-स्क्वेअर-टी जलद फ्यूजच्या कित्येक पट असते, तर सततच्या अतिभाराला तो तरीही उडतो. अँपिअर तेच ठेवून उसळी सोसण्याची ताकद वाढवण्याचा हा राजमार्ग आहे.

वरची मर्यादा विसरणे हा सर्वात महागडा दोष ठरतो. फ्यूजमागे असलेल्या प्रत्येक घटकाची स्वतःची सोसण्याची मर्यादा असते. १० मिलिसेकंदांच्या अर्ध्या साइन लहरीत ५० अँपिअर सोसणाऱ्या डायोड ब्रिजची आय-स्क्वेअर-टी १२.५ होते. ब्रिज वाचवायचा असेल, तर फ्यूजची वितळण्याची आणि ठिणगी विझेपर्यंतची मिळून एकूण आय-स्क्वेअर-टी याहून कमी असावी. केवळ मेल्टिंगचा आकडा पाहून हा निर्णय घेऊ नये. वायर बरेच अधिक सोसते: पीव्हीसी आवरणाच्या ०.७५ चौरस मिलिमीटर तांब्याच्या वायरची शॉर्ट सर्किटमधली मर्यादा सुमारे ७,४४० अँपिअर-वर्ग-सेकंद येते. मात्र वायरला खरा धोका शॉर्टपेक्षा रेंगाळणाऱ्या अतिभाराचा असतो, आणि अँपिअर वाढवलेला फ्यूज नेमका तोच अतिभार तासन् तास वाहू देतो.

फ्यूजची तोडक्षमताही, म्हणजे किती मोठा प्रवाह तो सुरक्षितपणे तोडू शकतो हेही, तपासावे. आयईसी ६०१२७ मधल्या काचेच्या कमी तोडक्षमतेच्या फ्यूजची मर्यादा ३५ अँपिअर किंवा छापील मानाच्या दहापट, यांपैकी जी मोठी ती असते. उच्च तोडक्षमतेच्या फ्यूजची १,५०० अँपिअर. मेन्सच्या प्रवेशावर शॉर्ट सर्किट प्रवाह मोठा असू शकतो, तिथे काचेचा फ्यूज फुटू शकतो.

मोटार आणि ट्रान्सफॉर्मर

इथे उसळी मिलिसेकंदांची नसते, म्हणून आय-स्क्वेअर-टीचा वरचा हिशेब पुरत नाही. तारेतून उष्णता बाहेर जाऊ लागते. थेट चालू होणारी मोटार पूर्ण भाराच्या सहा ते आठ पट प्रवाह काही सेकंद घेते. तो काळ आणि प्रवाह फ्यूजच्या काल-प्रवाह आलेखावर (किती प्रवाहाला किती वेळात तार वितळते हे दाखवणाऱ्या) ठेवून पाहावा, आणि बिंदू वितळण्याच्या रेषेच्या केवळ आत असून भागत नाही; मोटार दिवसातून अनेकदा चालू होत असेल, तर रेषेपासून भरपूर डावीकडे असावा. मोटारसाठी बनलेले एएम प्रकारचे फ्यूज केवळ शॉर्ट सर्किटपासून संरक्षण देतात. अतिभारासाठी त्यांच्यासोबत ओव्हरलोड रिले असलाच पाहिजे. ट्रान्सफॉर्मरची उसळी साधारणपणे पूर्ण भाराच्या आठ ते बारा पट धरतात. गाभ्यातल्या उरलेल्या चुंबकत्वामुळे ती दर वेळी वेगळी येते, म्हणून एकाच मोजणीवर विसंबू नये.

उसळी कमी करणे

फ्यूज बदलण्याआधी हा विचार करावा. एनटीसी बसवणे सर्वात स्वस्त. पण गरम अवस्थेतली त्याची उणीव वर पाहिलीच. ती टाळायची असेल, तर स्थिर रोधकातून कपॅसिटर भरू द्यावा आणि भरल्यावर रिलेने तो रोधक वगळावा. ही जोडणी गरम-थंड दोन्हींत सारखीच वागते. मोटारसाठी स्टार-डेल्टा स्टार्टरमुळे (मोटारची गुंडाळी आधी स्टार, मग डेल्टा जोडणीत जोडणाऱ्या) सुरुवातीचा लाइन प्रवाह थेट चालू करण्याच्या एक तृतीयांशावर येतो. सॉफ्ट स्टार्टर (व्होल्टेज हळूहळू वाढवणारा) असेल तर तो आणखी हवा तसा घडवता येतो.

नंतरची तपासणी

निवड झाल्यावर काही नमुन्यांवर चालू-बंद चाचणी लावावी, उसळ्यांमध्ये १० सेकंदांहून अधिक विश्रांती द्यावी, आणि आधी व नंतर फ्यूजचा थंड रोध चार तारांच्या पद्धतीने (प्रवाहासाठी दोन आणि व्होल्टेज मोजण्यासाठी वेगळ्या दोन), छापील मानाच्या दहा टक्क्यांहून कमी प्रवाहात मोजावा. रोध वाढत चालला असेल, तर तार थकते आहे आणि निवड अपुरी आहे.

उडालेला फ्यूज फेकून देण्याआधी भिंगाखाली पाहावा. काच आतून काळी किंवा धातूच्या थराने चकाकणारी दिसली, तर बहुधा मोठा शॉर्ट झालेला असतो, आणि तिथे नवा फ्यूज लावण्याआधी दोष शोधलाच पाहिजे. काच स्वच्छ असून तार एखाद्या जागी बारीकशी तुटलेली, थोडी वाकडी झालेली असेल, तर थकवणीचा संशय बळावतो. त्याच वेळी फ्यूज होल्डरच्या पट्ट्याही पाहाव्यात. त्या सैल किंवा काळवंडलेल्या असतील, तर तिथली उष्णता टोपीतून तारेत शिरत असते आणि वरचा सगळा हिशेब बरोबर करूनही नवा फ्यूज अकाली जातो. अशा वेळी होल्डर बदलल्याशिवाय नवा फ्यूज बसवू नये.